हॅम्लेटच्या बापाचं भूत नक्की कुठे असतं? मराठी शब्द सुचवा

पोरांना शेक्सपिअरचं हॅम्लेट नाटक मराठीतून समजावतेय. पहिल्या अंकात भूत म्हणतं, रात्री भटकतो, दिवसा आगीत उपाशी कोंडलेला असतो, जिवंतपणीची पापं जळून जाईपर्यंत. इथे 'नरकयातना' चालेल का?

- नाही हो. नरकातून सुटका नसते आणि हे बाबा तर ठरावीक मुदत म्हणतायत. ही कॅथलिकांची पर्गेटरी, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी पापं जाळून जीव शुद्ध होतो ती जागा, गोव्यात कोकणीत पुर्गातोर म्हणतात तीच. आणि गंमत तिथेच आहे, इंग्लंडच्या चर्चने 1563 च्या आपल्या श्रद्धेच्या कलमांत ही कल्पनाच पोकळ ठरवून टाकलेली, नाटक आलं 1600 च्या आसपास, म्हणजे जी जागाच अधिकृतपणे नाही तिथनं आलेलं भूत सूड घे म्हणतंय! मग हा बाप की सैतान? हॅम्लेट शिकायला होता विटेनबर्गला, कॅथलिक चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या ल्यूथरच्या गावात, त्याला शंका येणारच. राजासमोर तसाच खून दाखवणारं नाटकातलं नाटक तो उगाच करवत नाही, भुताचं खरं आहे का ते तपासतो. 'नरक' लिहिलंत की हा सगळा घोळच गायब.

- प्रेतयोनी म्हणा की मग, विधी न झालेला आत्मा आपल्याकडेही भटकतोच.

- जवळ जातं खरं, कारण झोपेतच मारलं, कबुलीजबाब नाही, शेवटचा संस्कार नाही हीच त्याची तक्रार आहे. पण पर्गेटरीतल्या जिवाने मागायला हवी प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली उपासना). हा मागतो खून! ख्रिस्ती माणसाला बायबल सांगतं सूड देवाचा, तुझा नाही. मी तर सरळ पर्गेटरी ठेवून खाली टीप देईन.

- माझं अजून एक, क्लॉडियसने, म्हणजे बापाचा खून करून राजा झालेल्या हॅम्लेटच्या काकाने, 'गादी बळकावली' असं सगळे लिहितात ते अर्धंच बरोबर आहे. या नाटकातल्या डेन्मार्कात राजा निवडला जातो, शेवटच्या अंकात हॅम्लेट स्वतःच म्हणतो की निवड आणि माझी आशा यांच्या मधे हा घुसला. म्हणजे दरबाराने याला रीतसर राजा मानलंय, खून कोणाला माहीत नाही, आणि राजाचा सल्लागार पोलोनियस याच्यासारखे लोक त्याच्यासाठी पडद्याआड उभे राहून ऐकतात. अशा राजावर हात उचलणं म्हणजे राजद्रोह. 'बळकावली' म्हटलं की हॅम्लेट नुसता चालढकल करणारा वाटायला लागतो. 'गादी मिळवली' लिहा.

- 'पटकावली' कसं वाटतं?

- हां, हे चालेल.