अनुभव धागा : ‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग’ मुलांकडून कसा लिहून घेता?

केतकी_पुणे
भाचीची सातवीची वही हातात पडली आणि हा मथळा बघून गाईडातले सगळे छापील निबंध एकदम आठवले. सुरुवात अजून तीच. ‘पहाटे पाच वाजता गजर झाला.’ मग आंघोळ, डबा, बस, भेंड्या, प्रतापगड, जेवण, परतीचा प्रवास, ‘ती सहल मी कधीच विसरणार नाही.’ अर्धं पान 1659 चा अफझलखान, तोही इतिहासाच्या पुस्तकातला. तिचं स्वतःचं वाक्य एकच, शेवटून तिसरं : ‘उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी मागे राहिले.’
शिकवणारे, पेपर तपासणारे, घरी लिहून घेणारे, काय चालतं ते टाका. करून बघितलेलंच हवं.

खडूफळा
अंगठ्यापासून सुरू करायचं, वरचं सगळं खोडा. प्रसंग घड्याळात दहा-पंधरा मिनिटांचा हवा. दिवसभराचा झाला की तो दिनक्रम होतो.
लिहायच्या आधी वहीत आडवी रेघ, तिच्यावर सात-आठ टिंबं. प्रत्येक टिंबाखाली एक-दोन शब्दच, समजा : अंगठा तुटला / वर्ग वळणापुढे / दगड तापलेले / ताकवाली बाई / सुतळी. जिथे ‘आता काय?’ झालं त्या टिंबाला गोल. 20 ओळींचा निबंध असेल तर 10 ओळी त्या गोलाला. मुलं बरोब्बर उलटं करतात, बसला दहा आणि गोलाला एक.
अफझलखानाला सुट्टी द्या. तो तिला भेटलेला नाही.

गोट्या७७
अंगठ्याला सेफ्टी पिन लावून वर्ष काढणारी जनता हजर आहे का? 😀

नलू_मावशी
पिन वाकते रे. तार लावायची.

शाईपेन
दुसऱ्या खर्ड्याला तीन गोष्टींवर बंदी : ‘खूप भीती वाटली’, ‘आनंद गगनात मावेना’, ‘डोळ्यांत पाणी आलं’. मूल विचारतं, मग लिहू काय? हातापायांनी काय केलं ते लिही. एक चप्पल पायात आणि एक हातात होती, की दोन्ही हातात? पाय पायरीच्या मधोमध टाकलास की कडेच्या सावलीत? एवढं आलं की भीती सांगावी लागत नाही.
पण ही बंदी पहिल्या खर्ड्याला लावू नका. तिथे लावली की मूल पेन खाली ठेवतं. पहिल्यात गगनात मावेना तर न मावू दे.

पेपर_तपासनीस
दहावीच्या मराठी ‘कुमारभारती’च्या पेपरात 80 गुणांपैकी उपयोजित लेखनाला 24, त्यात लेखनकौशल्याच्या कृतीला 8. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक, यातलं एक. ‘मी फळा बोलतोय’ हे आत्मकथन, त्याची प्रसंगलेखनाशी गल्लत नको.
प्रसंगलेखनात ‘तुम्ही तिथे हजर होता’ असं धरून लिहायचं असतं आणि नेमका तिथेच घोळ होतो. पोरं बातमी लिहितात : ‘पाहुण्यांचे स्वागत करण्यात आले.’ ‘करण्यात आले’ दिसलं की समजायचं, लिहिणारा तिथे नव्हता. मी विचारतो, तू कुठे उभा होतास? पुढे कोणाचं डोकं आड येत होतं? पहिल्या दोन ओळींत ‘मी’ आलाच पाहिजे.

रेवा_सातारा
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. संवाद! ताकवाली बाई ‘बाळा, काळजी करू नकोस, मी तुला मदत करते’ असं बोलत नाही. ती म्हणते, “हिकडं आण. पिशवीत सुतळी हाय का बघ.” निवेदन प्रमाण भाषेत, बोलणं जसं कानावर पडलं तसं. दुहेरी अवतरण, आणि बोलणारा बदलला की नवी ओळ. सातवीला तीन-चार वाक्यं पुरे, जास्त झालं की नाटुकलं होतं.

खडूफळा
+१. आणि ‘केले’ की ‘केलं’ ते आधीच ठरवा. दोन्ही चालतं, पण निवेदनात एका परिच्छेदात ‘झाले’ आणि पुढच्यात ‘झालं’ असं नको.

शाईपेन
‘जायचो-खायचो’ राहिलंच. ‘आम्ही आजीकडे जायचो, आजी लाडू द्यायची, बादली विहिरीत पडायची.’ या रूपात प्रसंग घडतच नाही, रोजचंच काहीतरी चाललेलं असतं. अशी दोन वाक्यं पार्श्वभूमीला. मग ‘त्या दिवशी’, आणि तिथून पडली, ओरडली, धावलो.

केतकी_पुणे
भाचीबाई म्हणतात, चप्पल हा काय प्रसंग झाला? बक्षीस मिळालं, अपघात झाला तरच लिहितात म्हणे.

पेपर_तपासनीस
म्हणूनच दर गठ्ठ्यात इतके अपघात असतात. सगळ्यांचे मामा स्कूटरवरून पडलेले.

खडूफळा
तीन रकाने आखून द्या. काय तुटलं-हरवलं-सांडलं. एकट्यानं पहिल्यांदा काय केलं. कोणाला खोटं सांगितलं. प्रत्येकात पाच नोंदी, सात मिनिटं, खोडायचं नाही. तिसऱ्या रकान्यातून लिखाण सगळ्यात चांगलं निघतं, पण ते वर्गात मोठ्यानं वाचायला लावू नका. त्यात घरातलं काहीही बाहेर येतं. ती वही फक्त शिक्षकांनी बघायची.

निशा_सॅन_होजे
इकडच्या मुलांना मराठी बोलता येतं, लिहायला घेतलं की वाक्यं अडतात. आधी फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करायला लावायचं, मग ऐकून लिहायचं. बोलून टाइप करू देऊ नका, विरामचिन्हं गायब होतात आणि ‘मग’ पंधरा वेळा येतं. ‘मग’ मोजायला लावा, तीनच ठेवायचे.

गोट्या७७
आमच्याकडे ‘मग’ नाही, ‘आणि नंतर ना’.

रेवा_सातारा
कुकर झाला. शेवटाचं : अखेरचा परिच्छेद हातानं झाकून बाकीचं वाचायचं. काही अडलं नाही तर तो काढा. ‘यातून मला शिकायला मिळाले की’ बहुतेक तिथेच सापडतं.

केतकी_पुणे
तपासताना लाल पेन वापरता का? नुसती वही बघूनच तिचा चेहरा पडतो.

शाईपेन
पेन्सिल. आणि एक ओळ सोडून लिहायला सांगा, दुसरा खर्डा त्याच पानावर मावतो. समासात दोनच प्रश्न : ‘ताकवाली कशी बसली होती?’, ‘वर्गाला कधी कळलं?’ शुद्धलेखन तिसऱ्या फेरीला, आधी हात लावला तर मूल फक्त वेलांट्या सुधारतं.

नलू_मावशी
गडावर ताक अजून मिळतं का पण? शनिवारी निघतोय आम्ही.