चाळीस तासांच्या फॉर्मवर सही

प्रेषक: एक पालक, ब्रॅम्प्टन

नमस्कार मंडळी,

गणपती आटोपले, आता सह्यांचा हंगाम सुरू. १९९९ साली नववीत आलेल्या मुलांपासून इथे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात हायस्कूलच्या डिप्लोमासाठी ४० तास समाजसेवा लागते. कोविडच्या काळात त्यात तात्पुरती सूट दिली होती. नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. आपल्या मंडळात आपण मात्र तास खिरापतीसारखे वाटतो. चिरंजीव प्रसादाच्या टेबलामागे फोन बघत उभे, आणि संध्याकाळी कार्यकारिणीची दिवसभराच्या तासांवर सही! घरी येऊन पहिला प्रश्न, "आता किती उरले?" यातून पोरगं काय शिकलं?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, स्कारबरो

स. न. वि. वि.

तासांवर राग काढू नका. भारतातल्या कॉलेजांमधली राष्ट्रीय सेवा योजना गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झाली, तिथेही वर्षाला १२० तास आहेतच. मुंबई विद्यापीठात त्याचे १० गुण मिळत आणि खरं सांगायचं तर वर्गातले निम्मे त्यासाठीच नाव घालत. मीही त्यातलाच.

सात दिवसांचं शिबिर असे. झेडपीच्या शाळेत सतरंजीवर झोपायचं, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान. हातपंपाचं सांडपाणी मुरावं म्हणून शोषखड्डा खणायचा, त्यात खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर वाळू. दुपारी घरोघर पाहणी. एका घरी मी वही उघडली, तर भाकऱ्या थापणाऱ्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या सालीबी आलते लिहून घ्यायला. पुढं काय झालं त्याचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे कार्यक्रम अधिकारी म्हणाले, "मग जा, ग्रामसेवकाला विचारून ये." एकोणिसाव्या वर्षी सरकारी माणसासमोर उभं राहून प्रश्न विचारायची ती पहिली वेळ. घशाला कोरड पडली होती.

प्रसादाच्या टेबलाशी असं कोण विचारणार? काम बदला, तास राहू द्यात.

प्रेषक: एक विद्यार्थिनी, अकरावी

काका, टेबलामागे फोन बघतो कारण तिथे आम्ही सहा जण असतो आणि पातेलं एक. 🙂

(मराठी टायपिंगला आईची मदत आहे.) मला शनिवारचं आजी-आजोबांचं मोबाइल शिबिर आवडतं. शिबिर घेणाऱ्या ताईंचा नियम आहे की आजी-आजोबांच्या फोनला आपण बोट लावायचं नाही, फक्त सांगायचं. फार कठीण आहे! एक आजोबा दरवेळी व्हिडिओ कॉल लावायला जातात आणि कट करतात.

एकदा एका आजींनी पर्समधून गिफ्ट कार्ड काढलं आणि त्यावरचा नंबर मेसेजने कसा पाठवायचा ते विचारलं. "रेव्हेन्यू एजन्सी"तून फोन आला होता म्हणे, टॅक्स थकलाय, पोलीस येतील. मी सांगितलं की खरं टॅक्स खातं गिफ्ट कार्डवर पैसे घेत नाही. नंबर अजून गेला नव्हता, नशीब. पण आजी म्हणाल्या, "माझ्या मुलाला सांगू नकोस हं." त्या फार घाबरल्या होत्या, टॅक्सपेक्षा मुलाला जास्त. मी त्यांना म्हटलं, मी नाही सांगत, पण तुम्ही सांगा, मी शेजारी बसते. त्यांनी तिथूनच फोन लावला. मुलगा रागावला नाही. त्या दिवशी माझे तास लिहायचे राहून गेले, ते नंतर ताईंनी भरले.

प्रेषक: स्वयंसेवक समन्वयक

वा गं! स्कारबरोचे काका, ब्रॅम्प्टनचे दादा, दोघांचंही पटलं. सेवेच्या नावाखाली मुलांना आपण बिनधोक कामं देतो, म्हणजे जिथे चुकायलाही वाव नसतो. दिवाळीपासून प्रसादाला दोनच मुलं. हॉलचं सामान, पाहुण्यांची नोंद आणि मोबाइल शिबिराचं वेळापत्रक मुलांच्या गटाकडे. गोंधळ झाला तर तेच निस्तरतील, कार्यकारिणीने मध्ये तोंड घालू नये, मीसुद्धा. आणि आपल्याच मुलाच्या फॉर्मवर आई-वडिलांनी सही करायची नाही.

शनिवारी ग्रंथालयाची खोली दोन ते चार मिळाली आहे. आजी-आजोबांना आणायला गाडीवाले हवेत, विशेषतः ब्रॅम्प्टनहून. दादा, तुमची व्हॅन सात सीटांची ना?