‘डॉली ऑफ द डेलीज’च्या हरवलेल्या भागांची कागदपत्रं कशी मिळवायची?

एडिसन कंपनीची १९१४ ची ही बारा भागांची मूक चित्रमालिका. मेरी फुलरने यात वार्ताहर तरुणीची भूमिका केली होती. पाचवा भाग, ‘द चायनीज फॅन’, न्यूझीलंडमध्ये सापडला. तो पाहिलाय, त्याची लिंक नको. ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ या त्या काळच्या सिनेमा-साप्ताहिकाचे स्कॅन केलेले जुने अंकही चाळले, पण त्यात नुसते कथासारांश आहेत. वृत्तपत्राच्या कचेरीत डॉलीला कसं वागवलं जातं, हे त्यातून कळत नाही आणि मला तर नेमकं तेच हवंय! कंपनीची कागदपत्रं न्यू जर्सीत वेस्ट ऑरेंजच्या एडिसन संग्रहालयात आहेत. मी पुण्यात, तिकडे जाणं शक्य नाही. स्कॅनचा खर्च देईन. तिथून कुणी ईमेलवर पटकथा किंवा छायाचित्रं मागवली आहेत का? विनंतीत नेमकं काय लिहावं लागतं?