घरी अक्षरं-आकडे शिकवताना: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची
दिवाळीआधीची आवराआवर चाललीय. माळ्यावरून जुनी पाटी निघाली, लाकडी चौकटीची, कोपऱ्यात तडा गेलेली. पंचवटीतली आजी आठवली एकदम. बुधवारच्या बाजाराला निघताना ती माझ्या उजव्या खिशात दहा चिंचोके टाकायची. एक भाजी घेतली की एक चिंचोका डाव्या खिशात. घरी आल्यावर पायरीवर बसवून विचारायची, "उजवीकडं किती उरले गं?" वजाबाकी हा शब्द मी पुष्कळ नंतर ऐकला.

आता लेक सिनियर केजीत आहे. काल ३ काढ म्हटलं तर ६ काढला, सलग पाचव्यांदा. मी आवाज चढवला. ती काही बोलली नाही, रबराने खोडत राहिली, कागद फाटेपर्यंत. ते भोक पाडलेलं पान डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही कसं घेता घरी? सगळं लिहा.

दोन पिलांची आई
३ अन् ६ सगळीच मुलं उलटवतात गं, जिवाला लावून घेऊ नकोस. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप कपच राहतो ना? मग आकड्याचं तोंड फिरवलं की तो दुसरा कसा होतो, हे त्यांना पटतच नाही. मी ताटात रवा पसरून बोटाने काढून घेतलं. ३ चं तोंड दाराकडे, ६ चं खिडकीकडे. फक्त बसायची जागा रोज तीच ठेवायची. पंधरा दिवसांत बसलं.

सिडकोकर बाबा
आमच्याकडे डबल गोंधळ. शाळा इंग्रजी, त्यामुळे आपला ४ त्याला आठ दिसतो. आजोबांच्या कॅलेंडरवर ४ तारखेला बोट ठेवून "एट" म्हणाला. आता कॅलेंडर आजोबांचं खातं आणि वही शाळेचं, दोन्ही एका बैठकीत घेत नाही.

शेवग्याची शेंग
त्या पाट्या अजून मिळतात का? मेन रोडला शोधली, प्लास्टिकचीच दाखवतात. आणि पाटीवरची पेन्सिल मुलं खातात तिचं काय करायचं??

निवृत्त बाई
तीस वर्षं बालवाडी घेतली, म्हणून जरा लांबलचक लिहिते. अ आ इ ई पासून लिहायला बसवू नका. अ केवढा अवघड आहे, हात फिरवून बघा. आम्ही ग म भ न ने सुरुवात करायचो. ग चा दांडा आला की म, भ, न त्याच हाताने येतात. चार अक्षरं आली की "नग", "मन", "गगन" वाचता येतं. आपण वाचलं, हा आनंद पहिल्या आठवड्यातच मिळायला हवा. काना-वेलांटी नंतर. आणि बोटांत जोर येण्याआधी पेन्सिल नको, कणीक मळू द्या, मटार सोलू द्या.

सिडकोकर बाबा
बाई, वेलांटीचंच विचारायचं होतं! सीबीएस बसस्टँडला बसची पाटी वाचताना पोरगा "नाशिक"ला अडला. म्हणे, पहिली वेलांटी श च्या आधी दिसते, मग आवाज नंतर का? मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त बाई
त्याला शाबासकी द्या आधी. त्याने नीट पाहिलंय. वेलांटी श च्या डोक्यावर हात ठेवून उभी आहे, दोघांचं नाव एकदमच घ्यायचं, असं सांगा.

मामी
एकोणतीसवर बोला कोणीतरी. अठ्ठावीसनंतर भाची "नऊवीस" म्हणते.

दोन पिलांची आई
बरोबरच आहे तिचं, बाकी सगळ्यात सुट्टा आकडा आधी येतो. एकोण म्हणजे एक उणे. तीस काड्या मांडून एक उचलायची, "एक उणे तीस". आमच्या थोरल्याने मग एकोणचाळीस, एकोणपन्नास स्वतःहून सांगितले. अडला तो नव्व्याण्णवला, तिथे एकोण नाहीच!

आजोबा, गंगापूर रोड
२०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक" असं वाचन दिलं तेव्हा मी रागावलो होतो. नात शिकायला लागल्यावर मत बदललं. वीस एक म्हटलं की २१ लिहिताना २ आधी येतो. एकवीस ऐकून ती १२ लिहायची. आता दोन्ही म्हणतो.

रात्रपाळी
ज्युनियर केजीला रोज १ ते १०० लिहायचा गृहपाठ होता. शाळेचं नाव घेत नाही. लेकाला शंभरपर्यंत पाठ, पण वाटीत सात बदाम घाल म्हटलं तर मूठभर घातले. त्या दिवशी मी बाईंना भेटून लेखन बंद करून घेतलं. आता जेवणाची ताटं तो मांडतो. कोण घरी आहे, कोण ड्युटीवर, मोजून. चुकला तर एक जण ताटाविना राहतो, लगेच कळतं त्याला.

मामी
@रात्रपाळी हे आजपासून आमच्याकडेही.

शेवग्याची शेंग
पाटीचं कोणीच सांगितलं नाही 🙏

आजोबा, गंगापूर रोड
भांडीबाजाराकडे जुनी स्टेशनरीची दुकानं आहेत, तिथे विचारा. पेन्सिल खात असेल तर डॉक्टरांना दाखवा, कधीकधी रक्त कमी असतं.

गोदाकाठची
सगळं वाचलं, मधे दोनदा फोन ठेवून डोळे पुसले. आज वही काढलीच नाही. रव्याचं ताट दिलं. तीन वेळा ६ आला, चौथ्यांदा तिने स्वतःच थांबून दाराकडे बघितलं. कोणाकडे चिंचोके शिल्लक आहेत का? दहाच हवेत.

दोन पिलांची आई
डबाभर आहेत. इंदिरानगरला ये, चहा पण होईल.