प्रतिसाद: जर्सीवरच्या घोषणा आणि वॉरंटचा कागद

'२०२० मध्ये एनबीएवाल्यांनी (अमेरिकेतली पुरुषांची बास्केटबॉल लीग) जर्सीवर वर्णद्वेषाविरुद्धच्या घोषणा छापल्या, फरक काय पडला?' असं वर कुणीतरी विचारलंय. घोषणांपुरतं मान्य. त्या ठरलेल्या यादीतूनच निवडायच्या होत्या, आणि यादीत ब्रिओना टेलरचं नाव नव्हतंच. टेलर म्हणजे मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात पोलीस अमली पदार्थांच्या तपासात झडतीला घरात घुसले तेव्हा त्यांच्या गोळ्यांनी मेलेली कृष्णवर्णीय तरुणी. तिचं नाव डब्ल्यूएनबीए या महिला लीगच्या मुलींनी त्या मोसमात जर्सीवर घातलं. पण ऑर्लँडोच्या बबलमध्ये (कोविडमुळे सगळे संघ एकाच बंदिस्त जागी ठेवून खेळवलेला एनबीएचा मोसम) टोबायस हॅरिससारखे खेळाडू पत्रकारांनी मॅचबद्दल काहीही विचारलं तरी टेलरच्या प्रकरणावरच उत्तर द्यायचे. क्रीडा पत्रकारांची पंचाईत झाली असणार, पण त्यामुळे विषय क्रीडा पानावर टिकला हे खरं.

चर्चेत एक गोष्ट मात्र राहून गेलीय. सगळे 'दार न ठोठावता घुसले' यावरच बोलताहेत. लुईव्हिलने दार न ठोठावता घुसायची परवानगी देणारं झडतीचं वॉरंट जून २०२० मध्येच, म्हणजे बबल सुरू व्हायच्या आधीच, बंद केलं होतं. शिवाय झडतीच्या पाच मिनिटं आधीपासून पाच मिनिटं नंतरपर्यंत बॉडी कॅमेरा चालू ठेवायची सक्ती केली. खरी गोम दाराच्याही आधी, वॉरंटसाठी दिलेल्या शपथपत्रात होती. अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या संशयिताची पार्सलं टेलरच्या पत्त्यावर येतात याची टपाल निरीक्षकाकडून खात्री केली, असं त्यात लिहिलं होतं. तशी खात्री झालेलीच नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये एका माजी डिटेक्टिव्हने या बनावाच्या कटात सामील असल्याचा गुन्हा फेडरल कोर्टात कबूल केला. न्यायाधीशापुढे जाणारा कागदच खोटा असेल तर कॅमेरा काय पकडणार?