मदत हवी आहे: हप्ता त्याचा, घरखर्च माझा. मग घरात माझा वाटा किती?

नमस्कार मंडळी,

प्रश्न पैशांचा आहे आणि नात्याचाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घराचं कर्ज 20 वर्षांचं आहे, व्याजदर 9 टक्के. निम्मी मुदत सरली. घर आणि कर्ज दोन्ही नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. घर घेताना माझा पगार बराच कमी होता, तेव्हा "हप्ता मी बघतो, घरखर्च तू बघ" असं ठरलं आणि तसंच चालत आलं. किराणा, वीजबिल, मुलीची फी, आजारपणं, पाहुणे-रावळे सगळं माझ्या पगारातून. मुलगी लहान असताना मी काही काळ अर्धवेळ काम केलं, तेव्हाही वाटणी तीच राहिली.

आता मला कामाच्या ठिकाणाहून एकरकमी पैसे मिळालेत, मूळ कर्जाच्या साधारण दहा टक्के. नवरा म्हणतो, कर्जात भरून टाकू. हिशेबाने त्याचं बरोबर आहे. हप्ता तेवढाच ठेवला तर कर्ज सुमारे दोन वर्षं आधी फिटतं, आणि वाचणारं व्याज भरलेल्या रकमेपेक्षाही जास्त होतं. तरी माझा हात पुढे होत नाही. माझ्या नावावर असलेली ही एवढीच शिल्लक आहे. ती ज्या घरात घालायची, त्याच्या कागदावर माझं नाव नाही.

मध्ये सगळे जमले होते तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पोराने पोटाला चिमटा काढून घर उभं केलं." खरंच आहे ते. त्याने स्वतःसाठी काही म्हणून घेतलं नाही. पण चिमटा दोघांच्या पोटाला होता. त्याच्या हप्त्यांची बँकेकडून दरवर्षी छापील विवरणपत्रं येतात, ती फाईलमध्ये ओळीने लावलेली आहेत. माझ्याकडे खर्चाच्या वह्या आहेत. परवा एक जुनी वही चाळली, तर महिन्यामागून महिना शेवटच्या ओळीत "चष्म्याची फ्रेम – पुढच्या महिन्यात" असं लिहिलेलं सापडलं. ही ओळ कुठल्या विवरणपत्रात येणार?

मग मी बसून कर्जाचं गणित नीट समजून घेतलं. पहिल्या हप्त्यातला 83 टक्के भाग नुसत्या व्याजाचा होता. दहा वर्षं नेमाने हप्ते भरूनही मूळ कर्जाचा 71 टक्के भाग अजून बाकी आहे. म्हणजे आत्तापर्यंत गेलेल्या पैशांतला बहुतेक भाग हा डोक्यावर छप्पर असण्याचा खर्च होता, भाड्यासारखाच. तो घरखर्चातच धरायला हवा असं मला वाटतं. खरी बचत म्हणजे फिटलेलं मुद्दल, आणि ते फिटू शकलं कारण बाकीचा सगळा संसार दुसऱ्या पगारावर चालला होता. त्याने किराणा भरला असता आणि मी हप्ता, तर आज घर माझं म्हटलं गेलं असतं का? कष्ट तेवढेच, फक्त पावती कोणाच्या नावाची एवढाच फरक.

त्याची बाजूही सांगते. सुरुवातीची रक्कम त्याच्या लग्नाआधीच्या बचतीतून आली, ती निर्विवाद त्याचीच. कर्जावर सही त्याची, नोकरी गेली असती तर बँकेने त्यालाच गाठलं असतं. तो ताण त्याने एकट्याने घेतला, आणि कित्येक रात्री तो जागा असायचा हे मी पाहिलंय. माझा त्याच्यावर अविश्वास नाही. "हे घर तुझंच तर आहे" असं तो मनापासून म्हणतो. पण मनातली मालकी आणि कागदावरची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे बोलायला गेलं की तो दुखावतो, मग विषय तिथेच थांबतो.

जाऊबाई म्हणाल्या, सहकर्जदार म्हणून नाव घालून घे. चौकशी केल्यावर कळलं की त्याने कर्जाची जबाबदारी अंगावर येते, मालकी आपोआप मिळत नाही. सहमालक होणं ही वेगळी प्रक्रिया. हे माहीत नसेल त्यांनी जरूर लक्षात ठेवा.

तर मला विचारायचंय ते असं. तुमच्या घरात हा वाटा कसा ठरवलात? मला सुचतंय ते असं की सुरुवातीची रक्कम त्याची म्हणून बाजूला काढायची, आणि आत्तापर्यंत फिटलेल्या मुद्दलाची वाटणी दोघांच्या कमाईच्या प्रमाणात करायची. पण मग अर्धवेळ कामाची ती वर्षं मला उणी पडतात, मूल तर दोघांचं होतं. त्या काळापुरतं निम्मं-निम्मं धरणं योग्य होईल का?

दुसरं, घर घेतल्यानंतर कोणी जोडीदाराचं नाव मालक म्हणून लावलं असेल, तर कर्ज चालू असताना बँकेने संमती सहज दिली का, की फेडून होईपर्यंत थांबावं लागलं?

आणि सगळ्यात अवघड ते हे की विषय काढायचा कसा? आधी पैसे भरून नंतर नावाचं बोलावं, की आधी नाव आणि मग पैसे? दुसऱ्या पर्यायात सौदा केल्यासारखं त्याला वाटेल अशी भीती आहे, पहिल्यात विषय कायमचा मागे पडेल अशी. ज्यांच्या घरी हे बोलणं नीट पार पडलं, त्यांनी पहिलं वाक्य काय होतं तेवढं तरी सांगा. पुरुष सभासदांनीही लिहावं, बायकोने हे कसं विचारलं असतं तर तुम्हाला लागलं नसतं?