मदत हवी आहे: सोसायटीचा आनंदमेळा, वॉचमनकाकांच्या मुलीचं ऑपरेशन आणि परिसराची माहितीपुस्तिका

बकुळफुलं

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची १२० फ्लॅटची सोसायटी आहे. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांच्या ९ वर्षांच्या मुलीच्या हृदयाला जन्मतः छिद्र आहे. ती महापालिकेच्या शाळेत जाते. डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया करा म्हणून सांगितलंय आणि खासगी रुग्णालयाने अडीच लाखांचा अंदाज दिलाय.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, मुलांच्या परीक्षा संपल्या की, संध्याकाळी ५ ते ९ आनंदमेळा भरवायचा असं ठरतंय. शेजारच्या दोन सोसायट्याही येतील, म्हणजे साधारण ४०० माणसं. घरच्या पदार्थांचे १० ते १२ स्टॉल. त्याच दिवशी एक छोटी पुस्तिका विकायची आहे: आपल्या भागातले भरवशाचे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, डबेवाल्या ताई, गिरणी, शिवणकाम वगैरे. दुकानांच्या जाहिराती घेऊन छपाईचा खर्च निघावा ही कल्पना.

माझे प्रश्न: पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत? कुपनं की रोख? पदार्थ किती करायचे? लकी ड्रॉ ठेवला तर चालेल का? आणि पुस्तिकेतल्या शिफारशी खऱ्या राहतील, जाहिरातबाजी होणार नाही, यासाठी काय करावं? हाताशी ५ आठवडे आहेत.

रुग्णमित्र

ताई, मेळ्याच्या आधी एक काम करा, तेही याच आठवड्यात. बहुतेक ही शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून पूर्ण मोफत होऊ शकेल.

मुलगी महापालिकेच्या शाळेत आहे म्हणजे ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बसते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी यात होते आणि जन्मजात हृदयदोष निघाला तर शस्त्रक्रियेची सोयही याच कार्यक्रमातून लावली जाते. मुख्याध्यापकांना सांगून शाळेच्या आरोग्य पथकाची गाठ घालून द्या. नाहीतर थेट औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार आणि शिधापत्रिका, प्रत्येकाच्या तीन प्रती सोबत ठेवा.

दुसरा मार्ग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, तिथे जायचं. चौकशीचा टोल फ्री क्रमांक १५५३८८. इथे लोक दोन ठिकाणी अडकतात. मुलीचं नाव शिधापत्रिकेवर चढवलेलंच नसतं, किंवा आधारवरचं नाव आणि शिधापत्रिकेवरचं नाव जुळत नाही. आज रात्रीच कार्ड हातात घेऊन तपासा, कारण नाव चढवायला वेळ लागतो. कार्ड परराज्यातलं असेल तर आयुष्मान भारत कार्ड आहे का ते बघा, ते देशभर चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं: योजनेत आधी पूर्वमंजुरी आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम आहे. घाईघाईत पैसे भरून ऑपरेशन उरकलं तर ते पैसे योजनेतून परत मिळत नाहीत. म्हणून गोळा झालेले पैसे अनामत म्हणून भरायची घाई करू नका.

तिसरं, धर्मादाय रुग्णालयं. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्याच लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, बिलिंगच्या खिडकीवर हे विचारून उपयोग नाही.

आणि मेळा मुळीच रद्द करू नका. आईवडिलांचा बुडालेला रोज, रिक्षाभाडं, दवाखान्याजवळचा मुक्काम, नंतरची औषधं, पुढचे इको, यातलं बरंचसं योजनेबाहेर राहतं आणि कुटुंब तिथेच कोलमडतं. आवाहनात "ऑपरेशनसाठी अडीच लाख" असं लिहू नका. "उपचार आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांच्या खर्चासाठी" असं लिहा, आणि रक्कम उरली तर ती कशावर खर्च होणार तेही आधीच जाहीर करा.

हिशेबी माणूस

पैशांचं बोलतो. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या खात्यात हे पैसे घेऊ नका. लेखापरीक्षणात ते सोसायटीचं उत्पन्न दिसतं आणि बाहेर काढताना ठराव, आक्षेप, सर्वसाधारण सभा हे सगळं मागे लागतं. कार्यकर्त्याच्या रोजच्या खात्यातही नकोत. दूध-भाजीच्या नोंदींत देणग्या मिसळल्या की प्रामाणिक माणसालाही हिशेब दाखवता येत नाही.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे वैद्यकीय मदत करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत न्यासाला सोबत घेणं. त्यांचं पावतीपुस्तक, त्यांचं खातं, आणि पैसे त्यांच्याकडून थेट रुग्णालयाला. आजूबाजूच्या दुकानांतून वर्गणी मागणार असाल तर हे फारच सोयीचं. नोंदणी नसलेल्या गटाने अशी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते, गणेश मंडळं कलम ४१ क खाली काढतात तीच. संस्थेकडे ८०जी (देणगीवर करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता) असेल तर देणगीदाराला जुन्या करप्रणालीत वजावट मिळते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. मोठी रक्कम देणाऱ्यांना धनादेश किंवा यूपीआय सांगा. कुपनं घेऊन मिसळ खाल्ली ती मात्र देणगी नव्हे, त्यावर ८०जीची पावती मागू नये आणि देऊही नये.

संस्था नाहीच मिळाली तर दोघांच्या नावे नवं बचत खातं काढा. त्यात एक मेख आहे. "दोघांच्या सहीने" चालणाऱ्या खात्याला यूपीआय सहसा मिळत नाही. "कोणाही एकाच्या सहीने" चालणाऱ्याला मिळतं, पण मग एकट्याला पैसे काढता येतात. तेव्हा यूपीआय असलेलं खातं ठेवा आणि दर रविवारी खात्याचा उतारा गटावर टाका.

वडिलांच्या खात्यात सगळी रक्कम टाकू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० पेक्षा जास्त मिळाले तर ती पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. रुग्णालयाच्या नावे धनादेश द्या, मागे मुलीचा नोंदणी क्रमांक लिहा.

लकी ड्रॉ नको. तिकीट विकून सोडत काढणं म्हणजे विनापरवाना लॉटरी होते, हेतू कितीही चांगला असो. पैसे लावून हाऊजीही नको. त्याऐवजी कोणी केलेलं पेंटिंग, भरतकामाची साडी यांचा उघड लिलाव करा.

पळीवाढी

स्टॉलचं माझ्याकडून. सगळ्यात आधी पदार्थांची यादी एकीच्याच हातात ठेवा. नाहीतर पाच पावभाज्या येतात आणि ताक कोणीच आणत नाही. एका पदार्थाचा एकच स्टॉल, आणि १२ पैकी किमान ३ नुसत्या पेयांचे. एप्रिलची संध्याकाळ आहे, सहापर्यंत खाण्यापेक्षा पिण्यावरच झुंबड असते.

४०० माणसं म्हणजे प्रत्येक पदार्थाच्या ४०० प्लेटा नव्हेत! माणूस तीन-चार गोष्टी चाखतो. १२ स्टॉल असतील तर एका स्टॉलवर १०० ते १२० प्लेटा पुरे. प्लेट लहान, किंमत कमी, म्हणजे सगळं संपतं.

१०० प्लेट मिसळीला: कोरडी मटकी ४ किलो (मोड आल्यावर दुपटीहून जास्त भरते), फरसाण ५ किलो, पाव २२०, कांदा ४ किलो, लिंबं ५०. मटकी शनिवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी उपसून बांधा, रविवारी सकाळी मोड तयार. एप्रिलच्या उकाड्यात त्याहून जास्त ठेवली की बुळबुळीत होऊन वास येतो. कट वेगळा आणि उसळ वेगळी न्या, एकत्र नेलं तर शेवटच्या ३० प्लेटांना तर्री उरत नाही.

पन्ह्याला १ किलो कैरीमागे अंदाजे १ किलो गूळ, त्यात साधारण ३० छोटे पेले होतात. घरून फक्त गर न्यायचा, पाणी तिथे घालायचं. ताकाला १ लिटर दह्यात २ लिटर पाणी, म्हणजे २०० मिलीचे १५ पेले. पाणीपुरीला प्लेटमागे ६ पुऱ्या धरून वर १० टक्के फुटीच्या घ्या. पाणी २० लिटरच्या जारचंच, टाकीचं नको. बर्फ पेयात घालू नका, भांड्याभोवती ठेवा. बाजारातला बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी दहा मुलांची पोटं बिघडली तर मेळ्याचं सगळं पुण्य वाया.

नारळाची ओली चटणी, क्रीमचे पदार्थ आणि दुपारी करून ठेवलेली बटाट्याची भाजी टाळा. आणि विक्रीचा स्टॉल म्हटला की अन्न सुरक्षेची साधी नोंदणी तात्पुरत्या स्टॉललाही लागते. वर्षाला १०० रुपये फी आहे, ऑनलाइन होते. आत्ताच अर्ज टाका.

स्टॉलवाल्यांशी खर्चाचं आधीच बोला. "सामान आमचं, विक्री सगळी निधीला" असं ज्यांना परवडतं त्यांनी तसं करावं. ज्यांना नाही त्यांना सामानाचं बिल घेऊन आधी पैसे द्यावेत. हे न बोलता ठेवलं की मग कुरबुर होते, आणि ज्यांची खरंच ओढाताण असते त्या गप्प राहून पुढच्या वेळी येत नाहीत.

फ्यूजवायर

विजेचं कोणी बोललं नाही म्हणून. २,००० वॉटची एक इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. १६ अँपिअरच्या एका सर्किटवर दोन लावल्या की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडू शकतो, आणि तो क्लबहाऊसचा असेल तर माईक, दिवे सगळंच बंद. प्रत्येक शेगडीला वेगळं सर्किट, नाहीतर गॅस. पातळ वायरचं घरगुती एक्स्टेन्शन शेगडीला चालत नाही, गुंडाळलेलं असेल तर वितळतं.

गॅस वापरलात तर व्यावसायिक १९ किलोचा, घरचा सिलिंडर विक्रीच्या स्टॉलला वापरायला परवानगी नाही. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये शेगडी पेटवू नका, वर माणसं राहतात आणि बाजूला पेट्रोलच्या गाड्या असतात. गॅसचे स्टॉल मोकळ्यावर, मंडपाच्या कडेला. सोसायटीची अग्निशामक नळकांडी खाली आणा आणि त्यांवरची मुदत वाचा. ध्वनिक्षेपक १० ला बंद म्हणजे बंद, तुमचा मेळा ९ लाच संपतोय ते उत्तम.

चौकातला कट्टा

पुस्तिकेबद्दल. "चांगला प्लंबर आहे" ही शिफारस नव्हे, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. शिफारस करणाऱ्याकडून या गोष्टी लिहून घ्या: काम कोणतं, कोणत्या महिन्यात, किती पैसे झाले, वेळेवर आला का, परत बोलवाल का, आणि कशासाठी बोलवणार नाही. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. "नळ, फ्लश टाकी उत्तम. भिंतीतल्या गळतीला नको" या एका ओळीत शेजाऱ्याचे हजारो रुपये वाचतात.

नियम तीन ठेवा. किमान दोन वेगळ्या घरांची शिफारस हवी. काम गेल्या १२ महिन्यांतलं हवं. आणि शिफारस करणाऱ्याचा मेहुणा, भाडेकरू किंवा भागीदार नको. शिफारशीखाली फ्लॅट नंबर छापायची गरज नाही, पण तो तुमच्या वहीत हवा.

जाहिरात देणाऱ्याला शिफारशीत जागा मिळणार नाही असं नाही, पण पैशांमुळे मिळणार नाही. जाहिरातीच्या पानांवर ठळक "जाहिरात" छापा आणि ती पानं मागे एकत्र ठेवा. शिफारशींची यादी पक्की झाल्यावरच जाहिराती मागायला निघा. उलट क्रमाने गेलात तर दुकानदार तोंडावर विचारतो, "आमचं नाव आत कुठंय?" आणि मग नाही म्हणवत नाही.

प्रत्येकाला फोन करून "तुमचा नंबर छापू का?" विचारा. घरकामाच्या आणि पोळ्यांच्या मावशींच्या बाबतीत तर नक्कीच. त्यांचे दर छापू नका. एकदा छापला की तोच आकडा वर्षभर त्यांच्या तोंडावर फेकला जातो.

छपाई: ए४ कागद मधे दुमडून पुस्तिका करा, पानं ४ च्या पटीत येतात. १६ पानांना ४ कागद पुरतात. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको, ही पुस्तिका आजी-आजोबाच सगळ्यात जास्त उघडतील. पहिल्या पानावर महिना आणि वर्ष छापा, म्हणजे जुनी कुठली आणि नवी कुठली ते कळेल.

व्हॉट्सॲपवरच्या आवाहनालाही तेच लागू. शेवटची तारीख नसलेला संदेश वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि मुलगी बरी होऊन शाळेत जायला लागली तरी लोक तिच्या नावाने पैसे पाठवत राहतात. तारीख टाका. मुलीचा फोटो, रिपोर्ट, पूर्ण नाव टाकू नका. "आपल्या वॉचमनकाकांची मुलगी" एवढं सोसायटीला पुरेसं आहे, ज्याला खात्री हवी त्याला कागद समक्ष दाखवा. आणि हे सगळं काकांना आणि मुलीच्या आईला विचारूनच.

बकुळफुलं

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. शिधापत्रिका पाहिली. मुलीचं नाव आहे, पण आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे. उद्या दुरुस्तीला जातोय, मग मुख्याध्यापकांकडे. लकी ड्रॉ रद्द, लिलाव नक्की.

कुपनांचं कोणी सविस्तर सांगेल का? उरलेल्या कुपनांचं काय करतात?

हिशेबी माणूस

१० आणि २० ची, दोन रंगांची, अनुक्रमांक छापलेली कुपनं करा. सोसायटीचा शिक्का मारा, नुसती रंगीत झेरॉक्स कोणीही काढू शकतं. विक्री फक्त प्रवेशाच्या दोन टेबलांवर, प्रत्येकी दोन माणसं: एक पैसे घेणारा, एक कुपन फाडणारा. यूपीआयचा क्यूआर याच टेबलांवर, स्टॉलवर अजिबात नको. सगळ्या किमती १० च्या पटीत ठेवा, म्हणजे स्टॉलवर सुट्ट्यांचा प्रश्नच येत नाही. टेबलांवर मात्र दहाच्या नोटा भरपूर लागतील.

स्टॉलवाले कुपनं डब्यात टाकतील. ९ वाजता डबे उघडून स्टॉलवाल्यासमोर मोजा, कागदावर दोघांच्या सह्या. विकलेली कुपनं वजा डब्यातली कुपनं म्हणजे लोकांच्या खिशात राहिलेली. कुपनावरच छापा: "पैसे परत मिळणार नाहीत, उरलेली रक्कम निधीला." शिवाय साडेआठला माईकवरून सांगा की कुपनं संपवा, म्हणजे स्टॉलवरचं उरलेलंही संपतं.

हिशेब मंगळवारपर्यंत सूचनाफलकावर लावा: कुपनविक्री रोख, कुपनविक्री यूपीआय, लिलाव, पुस्तिका, जाहिराती, देणग्या, आणि खर्चाच्या बाजूला मंडप, छपाई, सामान. रुग्णालयाची किंवा औषधांची पावती आली की मुलीचं नाव झाकून तीही त्याच फलकावर लावा.